मुंबईची तार आणि माझा कान

आमचं दुकान शुक्रवारी बंद असायचं आणि त्या दुपारी घरात गाणं असायचं. जुम्याची नमाज आटोपून अब्बा आले, खिचडी-खट्टा खाऊन झाला, की बैठकीतल्या चटया झटकल्या जायच्या आणि टेपवरचं कापड निघायचं. अम्मीचा खट्टा म्हणजे चिंचेचा पातळ कोळ, त्यात भाजून कुटलेले तीळ आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. आजही कुठं सारंगी ऐकली की माझ्या तोंडाला आधी आंबट पाणी सुटतं, मग सूर कळतो. बैठक आणि आतली खोली यांच्यामध्ये एक निळा पडदा होता. बाहेरचे पुरुष आले की आम्ही बायका पडद्याच्या आत. कुणी डोळे वटारून बसवत नव्हतं, ती घराची रीत होती, आणि फुफी तर म्हणायची की आतच बरं, पाय पसरता येतात. फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर अंबाजोगाईहून आमच्याकडं आली ती कायमचीच. तिचा अडकित्ता, अम्मीचं शिलाई मशीन आणि पडद्यापलीकडचं गाणं, हे सगळं मिळून आमचा शुक्रवार व्हायचा.

घरात आम्ही दखनी बोलायचो आणि बाहेर बीडची मराठी. इथं मी सगळ्यांना मराठीतच बोलायला लावलं आहे. अब्बांनी हरकत घेतली नसती. अम्मीनं घेतली असती, पण तिला घरातलं सगळं लिहून काढण्यालाच हरकत होती.

अब्बा मोटरी भरायचे. विहिरीवरची मोटर जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेढा वेढा करून भरायची, वरून वॉर्निश द्यायचं आणि भट्टीत वाळवायचं. बाजारात त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे. काही दुकानांत तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियम भरून द्यायचे. अब्बा गिऱ्हाइकासमोर तार नखानं खरवडून लालपणा दाखवायचे आणि मगच भरायला घ्यायचे. तांबं चांगलं तर मोटर चांगली, यावर त्यांचा नमाजाइतका विश्वास होता. घरातली गाण्याची यंत्रणा त्यांनी अशाच हातानं उभी केली होती. ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतः भरलेला, स्पीकरचे दोन डबे ओळखीच्या सुताराकडून सागवानात करून घेतलेले. डबे पडद्याच्या बरोबर समोरच्या भिंतीला होते. त्यांना जाणारी तार मात्र साधी, लाल-काळी, मंडपवाले दिवे जोडतात तसली. तिच्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं.

आता माझं सांगते. मी तेव्हा अकरावी-बारावीच्या वयाची होते आणि मला दुकान हवं होतं. लग्न नको होतं असं नाही, पण दुकान आधी हवं होतं. दुपारी बाजार सुस्तावला की मी जेवणाचा डबा घेऊन मागच्या दारानं जायची आणि अब्बा मला मोटर ऐकायला लावायचे. सुरू केलेल्या मोटरीला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा आणि त्याची मूठ कानाला लावायची. बेअरिंग गेलं असेल तर आत वाळू चावल्यासारखं वाजतं. एखादा वेढा आतल्या आत चिकटला असेल तर गुणगुणण्यात एक जाड सूर मिसळतो. पहिल्या महिन्यात मी तीन मोटरी ओळखल्या आणि अब्बांनी त्या माझ्या बोलण्यावर उघडल्या. तिन्ही वेळा मी सांगितलेलं निघालं. त्यानंतर अब्बा शंका असलेली मोटर दुपारपर्यंत बाजूला ठेवायला लागले. त्या बाजूला ठेवलेल्या मोटरींचा मला केवढा गर्व होता, ते आज सांगतानाही हसू येतं.

दर शुक्रवारी आमच्याकडं यायचे ते बप्पा. नेकनूरजवळ त्यांची बागायत होती, चार विहिरी होत्या, गावच्या राजकारणात शब्दाला वजन होतं, आणि गाण्याचं वेड अब्बांपेक्षा दोन बोटं जास्तच. मोटरी भरून घ्यायला येता येता दोस्ती झाली. अम्मीची खिचडी ते दोनदा मागून घ्यायचे. एका शुक्रवारी ते मुंबईहून आणलेली एक तार घेऊन आले. बोटाएवढी जाड, वरचं आवरण काचेसारखं, आतलं तांबं लखलखतंय, आणि टोकांना सोन्याचा मुलामा. स्वतःच्या घरी लावण्याआधी वस्तादाच्या यंत्रावर ऐकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मांजरसुंब्याला गाडी बदलताना धाब्यावर जेवले तेव्हासुद्धा ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं.

"वस्ताद, दुकानदार म्हनला, ही तार लावली की गानारी बाई तुमच्याम्होरं येऊन बसती," बप्पा म्हणाले.

अब्बांनी तार हातात घेतली, उजेडात धरली, आणि मला पडद्याच्या फटीतून दिसलं की ते तिथंच हरले. असलं तांबं त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. आधी साध्या तारेवर ठुमरी लावली, मग नवी तार जोडून तीच ठुमरी. बाहेरून वाहवा सुरू झाली. बप्पांना सारंगीचा गज घासलेला ऐकू येत होता, अब्बांना बाईंचा श्वास. आत फुफीनंही वाह म्हटलं. मी डोळे मिटून, सगळा जीव कानात आणून ऐकलं. तीच बाई होती, तीच सारंगी.

मी अजून बाहेर चहा नेऊन देण्याच्या वयाची समजली जायची. चहा आणि खारी घेऊन गेले तेव्हा अब्बा खुशीत होते. त्यांनी मोठ्या कौतुकानं बप्पांना सांगितलं की हिचा कान माझ्यापेक्षा तिखट हाय, आणि मला विचारलं, "सांग बप्पांना, काय फरक पडला?"

"मला काहीच फरक वाटला न्हाई, अब्बा."

बप्पा हसले. अब्बांनी पुन्हा टेप मागं घेतली, पुन्हा लावली, आवाज वाढवला. "आता?"

"आता मोठ्यानं लागलंय. बाकी तसंच हाय."

इथं मी थांबायला हवं होतं. पण मी पुढं म्हणाले की तारेकडं बघू नका, मग तुमालाबी वाटणार न्हाई. पाहुण्यासमोर, वडलांना. अब्बांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "हे तुला ऐकू येत न्हाई, मंग मोटरीतलं काय ऐकत होतीस? तुझ्या कानावर भरवसा ठेवून मी लोकांच्या मोटरी खोलल्या. चांगल्या मोटरी खोलल्या असतील तर त्याचं पाप मलाच हाय. उद्यापासून दुकानात यायचं न्हाई."

मी ट्रे उचलून आत आले. रडले नाही. अम्मी म्हणाली, झालं ते बरंच झालं, आता जरा शिलाई शिक.

तो आठवडा मला अजून काट्यासारखा सलतो. डबा घेऊन कुणीतरी दुसरंच जायचं आणि मी घरात मशीनच्या पायाशी बसून काजं करायची. सगळ्यात वाईट हे की मलाच माझी शंका यायला लागली. अब्बा खोटं बोलणारे नव्हते. त्यांना ऐकू आलं म्हणजे आलंच असणार. मग माझ्याच कानात काही कमी असेल का? मी स्टोव्ह ऐकायची, पिठाच्या गिरणीचा पट्टा ऐकायची, शेजारच्या घरातलं भांडण कुठल्या खोलीत चाललंय ते ओळखायची. सगळं पूर्वीसारखंच होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुफी सुपारी कातरत असताना मी काजं करता करता तिला विचारलं की तुला नव्या तारेत काय चांगलं वाटलं.

"मला कुठं कळतंय ती कधी लावली अन् कधी काढली," फुफी म्हणाली. "तुजे अब्बा बाहेरून वाह म्हनले, म्हनून मी आतून वाह म्हनले."

माझ्या हातातली सुई थांबली. बाहेर बसलेल्यांना तार दिसत होती. आत बसलेल्यांना, फटीशी गेल्याशिवाय, ती दिसत नव्हती. पडद्याच्या आमच्या बाजूला नुसतं गाणं पोचत होतं, सोनं पोचत नव्हतं. म्हणजे खरं ऐकायची जागा आमची होती, आणि पारखायला बसले होते ते चुकीच्या बाजूला. मी ठरवलं की अब्बांना पडद्याच्या आत आणून बसवायचं. कसं ते माहीत नव्हतं, पण बसवल्याशिवाय सोडायचं नाही हे पक्कं होतं.

अब्बांना विचारून उपयोग नव्हता. पाहुण्याचा शब्द मात्र ते मोडत नसत. पुढच्या शुक्रवारी बप्पा येऊन टेकले आणि मी पडद्याआडूनच आवाज दिला, "बप्पा, एक अर्ज हाय." अम्मीनं माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. "तुमी आन् अब्बा आत येऊन बसा. आमी बाहेर बसतो. तारा मी बदलते. कंची तार चालू हाय ते तुमी आतून सांगायचं. फरक असून मला कळत नसंल तर तुमाला कळंल, आन् मी पुन्हा दुकानाचं नाव काढनार न्हाई."

बाहेरून अब्बांचा आवाज आला, "गप बस."

"कावून गप बसंल?" बप्पा म्हणाले. "पोरगी इलेक्शनला उभी ऱ्हायल्यासारखी बोलायलीय. चला वस्ताद. धा वेळा ऐकू, धा वेळा सांगू. आपल्याला काय भ्या हाय?"

फुफीनं तोंडातली सुपारी बाजूला सारली आणि धाकट्या भावाला बजावलं, "तू आत ये. मी म्हनते म्हनून ये."

असे आमच्या घरी पुरुष पहिल्यांदा गाणं ऐकायला पडद्याआड गेले. बप्पा फुफीच्या बाजेवर ऐसपैस बसले, अब्बा पीठ ठेवायच्या डब्याला टेकून उकिडवे. आम्ही तिघी बाहेर. कुठली तार लावायची हे मी ठरवलं असतं तर अब्बांनी म्हटलं असतं की ती आमचा अंदाज ओळखून तार निवडते. म्हणून फुफीच्या ओंजळीत एक फोडलेला चिंचोका दिला. अम्मी आणि ती असल्याच चिंचोक्यांनी दुपारी चौसर खेळायच्या. पांढरी बाजू वर आली तर मुंबईची तार, तपकिरी आली तर आपली. फुफी तो आवाज न करता ओढणीत टाकायची आणि बोट दाखवायची. तीच तार पुन्हा आली तरी मी दरवेळी यंत्र बंद करायची, सगळी टोकं सोडवायची आणि पुन्हा जोडायची, म्हणजे खुडबुडीवरून कुणाला काही कळू नये. बांगड्या काढून ठेवल्या होत्या, पडद्याची फट टाचणीनं बंद केली होती. आवाजाच्या बटणाला खडूची खूण केली होती, ती हलू दिली नाही. अम्मी माझ्या जुन्या वहीच्या मागं उर्दूत लिहीत होती, आधी नाराजीनं आणि नंतर पुढं वाकून.

पहिल्यांदा बप्पा आतून ओरडले, "मुंबईची! ह्यात काय सांगायचं?" अब्बाही मुंबईचीच म्हणाले. वाजत होती मंडपवाल्याची. अम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. दुसऱ्यांदा दोघांचं बरोबर आलं. चौथ्यांदा, मला वाटतं चौथ्यांदाच, तार बदललीच नव्हती, तरी बप्पांनी गजाचा आवाज कसा उघडला ते सविस्तर सांगितलं. सहाव्या वेळेपासून अब्बा लगेच बोलेनासे झाले. त्यांचं उत्तर यायला वेळ लागायचा आणि आवाज दरवेळी थोडा खाली यायचा. दहा झाल्यावर मी वही पडद्याखालून आत सरकवली. बप्पांचं निम्मं बरोबर होतं, अब्बांचं निम्म्याहून एक कमी. डोळे झाकून चिंचोका टाकला असता तरी एवढं आलं असतं.

बप्पा आधी मोठ्यानं हसले आणि मग एकदम हसू आवरतं घेतलं, कारण अब्बा हसले नव्हते. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्यांच्या बोलण्यावर मी आयुष्य बेतत होते त्यांना मी वहीत मांडून दाखवलं होतं.

हल्ली माझ्या भाच्याचा मुलगा फोनवर असल्या तारांचे व्हिडिओ दाखवतो. माझ्या काळातल्या दुकानदारापेक्षा गोड बोलणारी माणसं त्यात असतात. तो मला विचारतो, खरंच फरक पडतो का? मी त्याला सांगते की तार अगदी बारीक आणि लांबच लांब असेल तर आवाज मरतो. टोकं ढिली असतील तर खरखरतो. बेताची जाड, चांगल्या तांब्याची, घट्ट बसवलेली तार असेल तर त्याच्यापुढं मला काही ऐकू आलेलं नाही. तुला आलं तर आधी डोळे बांध आणि मग मला सांग. आता माझा डावा कान कमी ऐकतो, तरी हे सांगायला उजवा पुरतो.

तर अब्बा पडद्याबाहेर आले, मागोमाग बप्पाही. अब्बा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता तू आत जा."

आम्ही तिघी आत गेलो, आणि मी दारात, पडद्याला नाक लागेल एवढ्या जवळ उभी राहिले. माझी नेहमीची जागा तीच होती. मघाशी त्यांना ऐकू येत नाही हे सिद्ध झालं होतं, मला ऐकू येतं हे कुठं झालं होतं? अब्बांनी ठुमरी लावली, मग खुडबुड करून पुन्हा लावली. "काय?"

"फरक न्हाई."

पुन्हा खुडबुड, पुन्हा ठुमरी. मला वाटलं, निदान एकदा तरी काहीतरी सांगावं, नाहीतर हे मला बहिरी समजतील. जीभ वळवळली. पण ऐकू आलं नव्हतं ते मी कसं सांगू? "फरक न्हाई, अब्बा."

तिसऱ्यांदा खुडबुड जरा लांबली. ठुमरी सुरू झाली आणि मी पडद्याला कान लावला. बाईंचा आवाज मधोमध नव्हता. एरवी तो दोन डब्यांच्या मधल्या भिंतीतून सरळ यायचा. आता तो कुठूनच येत नव्हता, खोलीभर सांडला होता. आणि डग्ग्याचा ठोका पोकळ झाला होता, त्यातलं पोटच गेलं होतं.

"थांबा," मी म्हणाले. "तारेचा प्रश्न न्हाई हा. तुमी एका डब्याची लाल-काळी उलटी जोडलीय."

"कंच्या डब्याची?" अब्बांनी लगेच विचारलं.

मी पुन्हा ऐकलं. डावा म्हणावा की उजवा? निम्मी शक्यता माझ्या बाजूनं होती आणि बरोबर आलं असतं तर बप्पांनी टाळ्या वाजवल्या असत्या. "ते मला ऐकून सांगता येनार न्हाई. दोन्हीतली एक उलटी हाय एवढंच कळतंय."

अब्बांनी टेप बंद केली. ते बप्पांना म्हणाले, आणि मला ऐकू जावं म्हणूनच म्हणाले, "बप्पा, कुनालाबी ऐकून सांगता येत न्हाई ते. एकमेकांच्या उलट ऱ्हातात दोनी, त्यात कंचा उलटा अन् कंचा सुलटा? मी मुद्दाम इचारलं. तिनं ठोकून दिलं असतं तर मी तिला दुकानात घेतलं नसतं." थोडं थांबून म्हणाले, "तांबं बघून माजी मती गेली. पोरीला नाही नाही ते बोललो. चूक माजी हाय."

अब्बांनी चूक कबूल केलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि मी ते पडद्यातच पुसलं. बप्पांनी तार गुंडाळून पिशवीत घातली. म्हणाले, आता घरी नेऊन लावतोच, दिसायला तरी लई झ्याक हाय.

"उद्या दुपारी ये दुकानात," अब्बा पडद्याकडं तोंड करून म्हणाले.

त्या क्षणी हो म्हणून गप्प बसणं सोपं होतं. पण आठवडाभर काजं करताना मी एक गोष्ट मनाशी धरून ठेवली होती. "दुपारी न्हाई. सकाळी नऊला येते, म्होरच्या दारानं. गिऱ्हाईक येतात तवा."

अम्मी म्हणाली, या अल्ला. अब्बा म्हणाले, "लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या. तुमी काय म्हनता ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी ओढणी डोक्यावरून नीट घेऊन बाजारातून चालत गेले आणि पुढच्या दारानं आत शिरले. अब्बा खाली मान घालून तार भरत होते. त्यांनी वर बघितलं नाही. थोड्या वेळानं एक म्हातारे शेतकरी बैलगाडीतून मोटर घेऊन आले. त्यांनी ती उतरवून ठेवली, आणि ते माझ्याकडं, मग माझ्यावरून अब्बांकडं बघत म्हणाले, "वस्ताद, मोटरीला काय झालंय ते बघा की जरा."

अब्बांचे हात थांबले नाहीत. वेढा पुरा करत ते म्हणाले, "मला काय इचारता? वस्ताद तिथं उभी हाय."